एक मात्रा आधी

ताईला राग हळू यायचा, पण एकदा आला की जुन्या भाडेकरूसारखा मुक्काम ठोकायचा. मग तो काही केल्या निघायचा नाही.

ती शहरातल्या सिंफनी ऑर्केस्ट्राची लीडर, म्हणजे पहिल्या रांगेतल्या पहिल्या खुर्चीवरची व्हायोलिन. लोकांना वाटतं ऑर्केस्ट्रा चालवतो तो कंडक्टर, मधल्या चौथऱ्यावर उभा राहून छडी हलवणारा. वाटू द्यावं, पोस्टरवर फोटो त्याचाच असतो. पण वाजवणाऱ्यांना बाजूला घेऊन विचारा. ते सांगतील, छडी हवी तिकडे फिरू दे, आपण डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचं ते लीडरच्या गजाकडे. गज वर गेला की श्वास घ्यायचा, गज तारेला टेकला की वाजवायचं. बाकी हातवारे प्रेक्षकांसाठी.

ही शिस्त या ऑर्केस्ट्राला कुठून लागली, त्याचीही गंमत आहे. रंगमंचामागच्या बोळात, जिथे वाजवणारे कोट अडकवतात आणि पितळी वाद्यांतलं पाणी फरशीवर झटकू नये अशी पाटी असूनही झटकतात, तिथे भिंतीवर तीन तसबिरी आहेत. पहिली संस्थापकांची. सैन्यातून निवृत्त झालेले बँडमास्तर, तोफांच्या आवाजानं एक कान गेलेला. त्यांनी गिरणीतले फिटर, एक शिंपी, एक दातांचा डॉक्टर आणि असेच बरेच हौशी लोक गोळा करून लोकरीच्या रिकाम्या गोदामात तालीम सुरू केली. पहिल्या कार्यक्रमानंतर टाळ्या वाजत होत्या, पण यांची पाठ लोकांकडे आणि कान हा असा. त्यांना वाटलं, बोंब झाली. शेवटी पहिल्या व्हायोलिनवाल्यानं त्यांची बाही ओढून मागे बघायला लावलं. म्हातारा चौथऱ्यावरून खाली उतरला, त्याचा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाला, ‘‘या हातात सगळ्यांचे हात आले बरं का.’’

तेव्हापासून रिवाज पडला. कार्यक्रम संपला की कंडक्टरनं लीडरपुढे हात करायचा, लीडरनं उठून तो घ्यायचा, आणि मगच सगळ्या ऑर्केस्ट्रानं उभं राहायचं. इतक्या वर्षांत किती भांडणं झाली, एकदा तर दोन बासूनवाले बोळात गुद्द्यांवर आले, पण हात कधी कुणी नाकारला नव्हता.

दुसरी तसबीर आहे ती इतक्या हडकुळ्या गृहस्थांची, की लांबून छडी कुठली आणि ते कुठले हे कळायचं नाही. आणि तिसऱ्यांना म्हातारपणी चौथऱ्यावर उभ्या उभ्या डुलकी लागायची. ऑर्केस्ट्रा लीडरच्या गजावर वाजवायला शिकला तो त्यांच्या कृपेनं.

तिसऱ्या तसबिरीशेजारी एक खिळा ठोकून ठेवलेला होता. तो चौथ्यासाठी. त्यांना सगळे पाठीमागे छडीसाहेब म्हणायचे.

खोटं कशाला बोला, ऑर्केस्ट्राला नाव मिळवून दिलं ते छडीसाहेबांनीच. त्यांच्याआधी हा गावातला ऑर्केस्ट्रा होता, त्यांच्यानंतर परदेशातली माणसं तिकिटासाठी आधीपासून नंबर लावू लागली. कान तिखट, हात देखणे, केस मागून बघायला तर फारच सुंदर, आणि प्रेक्षकांना ते मागूनच दिसायचे. सगळं संगीत पाठ. समोर स्वरलिपी ठेवणं त्यांना कुबडी घेतल्यासारखं वाटायचं. एकच गोष्ट त्यांना कधी जमली नाही. चूक आपली आहे हे म्हणायला त्यांची जीभ वळायची नाही.

ताईचा राग होता तो यांच्यावर. आणि तो दादासाठी होता.

दादा म्हणजे तिचा थोरला सख्खा भाऊ, याच ऑर्केस्ट्रातला पहिला हॉर्न. ‘‘हॉर्न म्हणजे गाडीचा?’’ असं घरी येणारा प्रत्येक जण विचारायचा आणि दादा प्रत्येकाला न कंटाळता आतल्या खोलीतून ते गोल गोल वळणाचं पितळेचं वाद्य आणून दाखवायचा. मनानं लोण्याचा गोळा. वडील गेल्यावर त्यानंच हिला वाढवलं, लहानपणी चिडली की टिचक्या मारायची म्हणून तिचं नाव टिचकी ठेवलं, आणि हातात व्हायोलिन देऊन मास्तरांकडे नेऊन बसवलं. मास्तर म्हणजे तेव्हाचे लीडर. त्यांनी हिच्या हातात गज कसा धरायचा इथपासून शिकवलं, पुढे ऑर्केस्ट्रात आणलं, अगदी मागच्या रांगेत का होईना. दादा आणि मास्तर, या दोघांच्या पलीकडे ताईनं कुणाला मानलं नाही. लग्नाचं विचारायला आलेल्यांनाही नाही.

दादाचा सूर कसा होता? त्याचा सूर लागला की थिएटरातले खोकणारे खोकायचे थांबायचे. यापेक्षा जास्त काय सांगणार.

मग तो रेडिओवरचा कार्यक्रम आला. एक मोठी सिंफनी, तिचा संथ भाग. त्या भागात मधोमध सगळी वाद्यं एकदम गप्प होतात. पूर्ण चार मात्रा नुसती शांतता. त्यानंतर एकट्या हॉर्नचा एक लांब सूर, आणि पाठोपाठ त्या सुराखाली सगळ्या व्हायोलिन. छडीसाहेब त्या शांततेत डोळे मिटून इतके रंगले की छडी एक मात्रा आधीच खाली आली. सूर एकट्याचा, म्हणून दादाची नजर छडीवर. छडी आली, दादा आला. पण मास्तर मनातल्या मनात मात्रा मोजत होते, त्यांचा गज बरोब्बर वेळेवर टेकला, आणि सगळ्या व्हायोलिन त्यांच्याबरोबर गेल्या. हॉर्न पुढे, व्हायोलिन मागे. दोन गाणी एकमेकांच्या अंगावर कोसळावीत तसं झालं आणि सावरता सावरता सगळा भाग हातचा गेला.

छडीसाहेबांनी काय करावं? त्यांनी मान वळवून दादाकडे बघितलं. पुढच्या रांगांतल्या प्रेक्षकांनाही दिसेल असं बघितलं आणि मान हलवली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रवाल्यांना म्हणाले, ‘‘हॉर्न घाईत आला.’’

ताईनं मागच्या रांगेतून छडी पडताना डोळ्यांनी पाहिली होती. तिनं सांगून बघितलं. पण रेडिओवर छडी दिसत नाही, ऐकू येतो तो हॉर्न. आणि मागच्या रांगेतल्या पोरीचं, त्यातून सख्ख्या बहिणीचं कोण ऐकणार? ती मास्तरांकडे गेली. मास्तरांनी चष्मा पुसला, बराच वेळ पुसला आणि म्हणाले, ‘‘झटकन झालं गं पोरी. एका मात्रेत माणूस काय करणार?’’ ते तिला पटलं. दादालाही पटलं. मास्तरांचं सगळंच पटायचं.

त्यानंतर छडीसाहेबांनी प्रत्येक तालमीत दादाला ती जागा एकट्याला वाजवायला लावली. सगळे बसून ऐकतायत आणि हा एकटा. ‘‘आज घाई नाही ना?’’ असं गोड आवाजात विचारायचं आणि मग, ‘‘पुन्हा.’’ हॉर्नवाल्याचं सगळं ओठांवर असतं आणि ओठांत एकदा भीती शिरली की ते कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत. दादाचा सूर फाटायला लागला. मग एक दिवस त्यानं हॉर्न पेटीत घातला, पेटी कपाटावर ठेवली आणि नळदुरुस्तीचं दुकान काढलं. ‘‘पितळ ते पितळ,’’ म्हणाला. हसलासुद्धा. त्याच्या त्या हसण्यानं ताईच्या अंगाची लाही झाली.

आणि एवढ्यावर भागलं नाही. ऑर्केस्ट्रात एक वाक्य रूढ झालं. कुणी एक सूर आधी वाजवला, कुणी चहाला आधी पोचलं, कुणाला दिवस भरायच्या आत मूल झालं, की म्हणायचं, ‘‘आला दादासारखा!’’ जुनी माणसं गेली, नवी आली, ती पण म्हणायला लागली. दादा कोण हे त्यांना ठाऊकच नव्हतं. ताईच्या समोर म्हणायची आणि ती हसायची. हसायची आणि घरी येऊन दातओठ खायची.

मागच्या रांगेतून पहिल्या खुर्चीपर्यंत ती सरकत सरकत आली. मास्तर निवृत्त झाले तेव्हा त्यांनीच तिचं नाव सुचवलं आणि खुद्द छडीसाहेबांनी खुर्ची मागे ओढून तिला बसवलं. ‘‘तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून आम्ही आहोत,’’ म्हणाले. ताई म्हणाली, ‘‘सगळी तुमची कृपा, सर.’’ आणि मनात म्हणाली, थांब, तुझी कृपा तुझ्या पदरात नाही घातली तर नावाची टिचकी नाही.

संधी आली ती साहेबांच्या निरोपाच्या कार्यक्रमाची. साहेब निवृत्त होणार, बोळातल्या खिळ्यावर तसबीर चढणार, आणि शेवटचा कार्यक्रम टीव्हीवर थेट दाखवणार. एक कॅमेरा ढोलवाल्याच्या मागे, थेट साहेबांच्या तोंडावर रोखलेला. इतकी वर्षं लोकांनी त्यांची पाठ बघितली, आता चेहरा बघतील. आणि छडी.

ती सिंफनी साहेबांनी त्या दिवसानंतर कधी हातात घेतली नव्हती. कुणी सुचवली की म्हणायचे, फार वाजवून झाली. ताई त्यांच्या खोलीत गेली. खोलीत नेहमीसारखा कोलनच्या अत्तराचा वास, आरशाभोवती दिव्यांची माळ, खुर्चीवर चार सारख्या पांढऱ्या शर्टांची चळत.

‘‘सर, निरोपाला तीच सिंफनी हवी,’’ ती म्हणाली. ‘‘तुमच्यानंतर ती कोण पेलणार आहे?’’

साहेबांनी कफचं बटण लावता लावता आरशातून तिच्याकडे बघितलं. ‘‘तीच? बघू. तिची स्वरलिपी शोधायला हवी.’’

‘‘तुम्हाला कशाला स्वरलिपी, सर? लोक काय म्हणतील? टीव्हीवर पानं उलटताना दिसाल.’’

एवढं पुरलं. स्तुती म्हणजे त्यांचा दुखरा दात, तो कुठे दाबायचा हे ताईला चांगलं माहीत होतं.

तालमी सुरू झाल्या आणि पहिल्याच दिवशी साहेब त्या शांततेत डोळे मिटून रंगले, आणि छडी एक मात्रा आधी. दुसऱ्या दिवशीही. माणूस म्हातारा झाला तरी त्याचा खड्डा जागच्या जागी राहतो. तालमीत ताई सावरून घ्यायची. छडी पडली तरी तिचा गज मांडीवरच, मग बरोब्बर वेळेवर अलगद वर. ऑर्केस्ट्रा छडी सोडून गजाबरोबर जायचा. साहेबांना पत्ता नाही. वाजवणारे छडीच्या जरा मागेच असतात हे त्यांच्या सवयीचं होतं.

ताईचा बेत साधा होता. त्या दिवशी गज वर उचलायचाच नाही. कुणी छडीबरोबर जाईल, कुणी मात्रा मोजून येईल, गाणं मधून फाटेल, आणि ज्या क्षणी फाटेल त्या क्षणी सगळ्या जगाला टीव्हीवर दिसेल की छडी आधी पडली. दादासारखं साऱ्या ऑर्केस्ट्राला एकदा चुकू दे. मग बघू कुणाकडे मान वळवतोस.

कार्यक्रमाच्या आदल्या दुपारी ती दादाच्या दुकानात गेली. दादा एका जुन्या नळाची चकती बदलत होता. कानावर पेन्सिल, बोटांना ग्रीस.

‘‘उद्या टीव्ही लाव,’’ ती म्हणाली.

‘‘काय आहे उद्या?’’

तिनं सांगितलं. सगळं सांगितलं. दादानं पाना खाली ठेवला. ‘‘जाऊ दे ना गं टिचके. म्हातारा झालाय तो. मी विसरलो, तू का धरून बसलीयस?’’

‘‘तू विसरलास म्हणूनच. दोघांनी विसरायचं म्हणजे काय?’’

‘‘आणि त्यात त्याची एकट्याची चूक होती थोडीच? ते सगळं इतकं झटकन झालं, कुणाला काही करताच आलं नसतं. मास्तरच म्हणाले होते ना?’’

‘‘मास्तरांचं सोड. तू टीव्ही लाव.’’

कार्यक्रमाच्या आधी बोळात गर्दी. व्हायोलिनवाले गजाला राळ लावतायत, कुणी सेफ्टी पिन मागतोय, काळ्या कपड्यांवरचे धागे एकमेकांच्या पाठीवरून उचलणं चाललंय. पहिल्या हॉर्नच्या जागी आता एक बाई होती. नुकतीच आलेली, अजून कायम झाली नव्हती, घरी जुळी मुलं सासूच्या गळ्यात टाकून तालमीला यायची आणि जेवणाच्या सुट्टीत ताईशेजारी बसून डब्यातलं चमच्यानं भराभर खायची. ती ताईजवळ आली. ओठ फुगवून, फुरफुर करून गरम ठेवत होती.

‘‘ताई, त्या जागेला मी तुमच्या गजाकडेच बघणार हं. छडीचा काही भरवसा नाही.’’

ताईच्या हातातली राळ तशीच राहिली. इतके दिवस तिनं साहेबांचा विचार केला, कॅमेऱ्याचा केला, दादाचा केला. हॉर्नचा विचार तिच्या डोक्यातच आला नव्हता. आपल्याच भावाचं वाद्य, आणि ते कुणाच्या तरी तोंडाला असणार हे ती साफ विसरली होती.

सांगावं का हिला? सांगितलं तर ही घाबरेल, मग काही खरं नाही.

‘‘बघ,’’ ताई म्हणाली.

संथ भाग सुरू झाला. थिएटर तुडुंब. साहेब लखलखत होते. वाजत असं होतं की ताईलाही क्षणभर वाटलं, या माणसाला देवानं कान दिले आणि उरलेलं द्यायला विसरला. मग वाद्यं एकेक करून थांबली आणि ती शांतता आली.

साहेबांनी डोळे मिटले. ताईनं गज मांडीवर ठेवला.

छडी पडली. एक मात्रा आधी, ठरल्याप्रमाणे.

हॉर्नवालीनं ताईकडे बघितलं. तालमीत एव्हाना वर जायला लागणारा गज हलला नाही. तिचे डोळे मोठे झाले, छडीकडे गेले, पुन्हा गजाकडे आले. आता काय करायचं हे तिला सांगणारं तिथे कुणी नव्हतं. मग तिनं डोळे मिटल्यासारखे केले आणि सूर लावला. छडीबरोबर. एकटीनं.

बाकी कुणी हललं नाही. ताई विसरली होती, तिनंच त्यांना इतकी वर्षं शिकवलं होतं की गज उचलल्याशिवाय हलायचं नाही. सगळा ऑर्केस्ट्रा तिच्या मांडीकडे बघत बसला होता आणि मागे तो एकटा हॉर्न, उघडा पडलेला. आणि साहेबांनी डोळे उघडले. मान वळायला लागली, त्याच बाजूला, तशीच, हळूहळू. ताईला ती मान पाठ होती.

तिनं विचार वगैरे काही केला नाही. अख्खं अंग पुढे टाकून, खुर्चीतून अर्धी उठत, गज तारेवर आणला. एक मात्रा आधी. हॉर्नसाठी. आणि सगळ्या व्हायोलिन, मागच्या रांगेपर्यंत, तिच्या मागून त्या सुराखाली शिरल्या. हॉर्न आणि व्हायोलिन एकत्र. गाणं पुढे गेलं. प्रेक्षकांत कुणाची पापणीसुद्धा हलली नाही.

झालं. इतक्या वर्षांचा बेत एका हातानं रचला आणि दुसऱ्या हातानं मोडला. उरलेली सिंफनी ताईनं कशी वाजवली ते तिला आठवत नाही. डोळ्यांत पाणी होतं आणि ते रागाचं होतं. स्वतःचा राग, साहेबांचा राग, त्या जुळ्यांच्या आईचाही राग, ती का बघत राहिली माझ्याकडे म्हणून.

शेवटचा सूर. टाळ्या. लोक उठून उभे. साहेब प्रेक्षकांना वाकले, मग वळले, चौथऱ्यावरून खाली उतरले आणि रिवाजाप्रमाणे ताईपुढे हात केला. वाकून, हसत, फक्त तिलाच ऐकू येईल असं म्हणाले, ‘‘हॉर्न घाईत आली. तुम्ही सावरलंत म्हणून बरं. उद्या तिच्याशी बोलतो मी, जायच्या आधी.’’

घाईत आली.

ताई उठली नाही. व्हायोलिन मांडीवर, त्यावर दोन्ही हात. साहेबांचा हात पुढे तसाच. तिच्या मागे अख्खा ऑर्केस्ट्रा बसलेला, कारण लीडर बसलेली. टाळ्या थोड्या विरळ झाल्या. लोकांना वाटलं, काहीतरी राहिलंय.

‘‘हात द्या,’’ साहेब हसू तसंच ठेवून दातांतून म्हणाले.

‘‘छडी घाईत आली, सर,’’ ताई म्हणाली. पहिल्या दोन रांगांना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाली. ‘‘आज आली. आणि दादाच्या वेळीही छडीच आली होती.’’

‘‘कोण दादा?’’

त्यांना खरंच आठवत नव्हतं. ढोंग असतं तर ताईला कळलं असतं. ज्या माणसाचं आयुष्य मोडलं त्याचं नावही याला आठवू नये! ती उठली. साहेबांचा हात तिच्याकडे आणखी पुढे आला. ती त्याला वळसा घालून गेली, स्टँडांमधून, खुर्च्यांमधून, गज आणि व्हायोलिन डाव्या हातात धरून, थेट मागे. हॉर्नवाली पांढरी फटक पडून बसली होती. ताईनं तिचा हात धरला आणि तिला उभं केलं.

आणि लीडर उभी होती, लीडरच्या हातात हात होता, म्हणून सगळा ऑर्केस्ट्रा उठला. हॉर्नकडे तोंड करून उठला. ढोलवाल्याच्या मागचा कॅमेरा चालूच होता, त्यात साहेबांचा हात दिसत होता. कुणी न घेतलेला, बराच वेळ.

बोळात नंतर सगळे कोट चढवत होते. बाहेर पडताना कुणीतरी सगळ्यांच्या आधी दाराशी पोचला आणि ढोलवाला सहज म्हणाला, ‘‘आला छडीसारखा.’’ आधी एक जण हसला, मग सगळे. तसबीर पुढे त्या खिळ्यावर चढली, ती चढायचीच होती. पण ते वाक्य आता तसंच म्हणतात, आणि ते ऐकून ताईला पोटभर जेवल्यासारखं वाटतं. लपवायचं कशाला?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दुकानात गेली, ती अशा तोऱ्यात की जणू काही राज्य जिंकून आली. दादा बाकावर बसला होता. समोर नळ नव्हता, पाना नव्हता. टीव्ही बंद.

‘‘बघितलंस?’’

‘‘बघितलं.’’

‘‘हात बघितलास त्याचा? असा लोंबत होता!’’ तिनं करून दाखवलं. ‘‘आणि मी म्हणाले ना त्याला, तोंडावर म्हणाले. तुझं नाव घेऊन.’’

दादा हसला नाही. ‘‘ते राहू दे. ती जागा. तू झाकलीस ती.’’

‘‘झाकावी लागली. ती बाई एकटी पडली होती. माझा सगळा बेत पाण्यात गेला, पण...’’

‘‘किती पटकन झाकलीस,’’ दादा म्हणाला. ‘‘नुसता गज टाकलास तू. एकदा.’’

‘‘हो.’’

‘‘कुणाला कळलंसुद्धा नाही.’’

दादा आपल्या हातांकडे बघत होता. नखांत ग्रीस, बोटांवर पितळेचा हिरवट डाग, घासूनही न जाणारा.

‘‘मी काय समजत होतो माहितीये? मी समजत होतो, ते झाकण्यासारखं नव्हतंच. एका मात्रेत माणूस काय करणार. त्यावर मी इतकी वर्षं झोपलोय टिचके, अगदी शांत झोपलोय. साहेबांचं काय, साहेब तसेच. पण मास्तरांचा कान माझ्यावर होता. माझा सूर लागला ते त्यांना ऐकू आलं होतं. ते नुसता गज टाकू शकले असते.’’

‘‘दादा, ते तेव्हा...’’

‘‘तू टाकलास की.’’

रस्त्यावरून कुणी पत्र्याची बादली दुरुस्तीला घेऊन आलं आणि दारात उभं राहिलं. दादानं त्याला हातानं थांब म्हणून खूण केली. आजवर त्यानं गिऱ्हाइकाला कधी थांबवलं नव्हतं. मग तो उठला, खुंटीवरचं फडकं घेऊन बोटं पुसायला लागला, एकेक करून, नीट. त्याच्या चेहऱ्यावर ताईनं असं काही जन्मात पाहिलं नव्हतं. तिला ते ओळखू मात्र लगेच आलं, रोज आरशात बघत आल्यामुळे.

‘‘आहेत ना अजून मास्तर?’’ त्यानं विचारलं. ‘‘कुठे राहतात हल्ली?’’

मास्तर तिचे गुरू होते. त्यांच्या घरी ती अजून जायची, त्यांच्या खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालायची, ऐकू कमी येतं म्हणून कानाशी वाकून बोलायची. ती दादाकडे बघत राहिली. जाऊ दे म्हणणारा तिच्या घरात एकच माणूस होता आणि तो आता कोट चढवत होता.

‘‘सांग,’’ दादा म्हणाला.

तिनं पत्ता सांगितला.